एका पांढऱ्या मैलाचे फोटो

मागच्या उन्हाळ्यात मलकापूरला भाचीकडे गेलो होतो. शेजारची एक तरुण मुलगी रेल्वेत इंजिनीअर म्हणून लागलेली. मी रुळावरचा जुना माणूस आहे असं कळल्यावर ती लॅपटॉप घेऊनच आली. डब्याखाली कॅमेरे बसवायचे, गाडी भरधाव जाताना ते रुळाचे हजारो फोटो काढतात, आणि कुठली चावी निसटली, कुठला बोल्ट गायब, कुठे रूळ तडकला हे कॉम्प्युटर स्वतःच पाहून सांगतो. माणसानं डोळे फोडायची गरज नाही. तिनं पडद्यावर एक लाल चौकट दाखवली, चौकटीत तडा. मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच होता.

"आजोबा, तुमच्या काळी असं काही असतं तर?"

"होतं की," मी म्हटलं.

तिला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं आवाज चढवून सगळं पुन्हा समजावलं. मी ऐकून घेतलं. चहाच्या कपाबरोबर सांगून व्हावी अशी ती गोष्ट नव्हती, आणि सांगायला लागलो की अजूनही माझं डोकं तापतं. इथे संपादकांनी पानं मोकळी सोडली आहेत, तेव्हा तापू दे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी धामणगाव बढ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नांदुरा-जलंबच्या बाजूला धाकटा पी.डब्ल्यू.आय., म्हणजे रुळांचा इन्स्पेक्टर, म्हणून आलो. ठरलेल्या मैलांतले रूळ, गिट्टी आणि ते सांभाळणारी माणसं ही जबाबदारी. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे लक्षात ठेवा. पी.डब्ल्यू.आय. म्हणजे काय हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगा रूळ मोजतो, असं ते गावात सांगत. फार काही चुकत नव्हते.

रूळ एकदा टाकला की झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमच्याकडची काळी माती तसं होऊ देत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि तिच्यावर रचलेली गिट्टी, त्यावरचे आडवे स्लीपर, रूळ सगळंच तिच्याबरोबर वरखाली होतं. त्यातून तेव्हाचे रूळ बेचाळीस फुटांचे. दोन रुळांची टोकं जिथे भेटतात तिथे दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळायचं. त्या पट्टीला फिशप्लेट म्हणतात आणि त्या जागेला जोड. गाडीत बसल्यावर जो ठेक्यातला खडखडाट ऐकू यायचा तो या जोडांचा. प्रत्येक चाक प्रत्येक जोडावर आदळतं, म्हणून रुळाचं दुखणं बहुतेक तिथेच सुरू होतं. शिवाय रूळ स्लीपरला धरून ठेवायला लोखंडाच्या पाचरी, त्यांना चावी म्हणत. हादऱ्यांनी चाव्या निसटत. त्या रोज ठोकून जागेवर बसवणारा, जोड पाहणारा, बोल्ट आवळणारा माणूस म्हणजे चावीवाला.

सकाळी उजाडल्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन त्यानं एकट्यानं निघायचं. एका रुळावर नजर ठेवून चार मैल जायचं, दुसऱ्यावर नजर ठेवून परत यायचं. रोज. लग्न असो, ताप असो, पोळा असो.

जलंबच्या अलीकडचा तुकडा सुपडाभाऊकडे होता. पन्नाशीचा, उंच, काटकुळा, मान कायम खाली. स्वतःच्या लग्नातही हा माणूस खाली पाहूनच चालत होता, असं त्याची बायको कासाबाई सांगायची. हाताखालच्या माणसाला अरे-तुरे करायची खात्यात रीत होती. वडिलांच्या वयाच्या माणसाला ते मला जमेना, मी सुपडाभाऊच म्हणायचो. चावीवाला होण्याआधी त्यानं वीस वर्षं गँगमध्ये काढली होती. गँगमध्ये स्लीपरखाली गिट्टी ठोकून भरायची असते, आणि त्यासाठी जी बोथट कुदळ असते ती दिवसभर डोक्यावरून आणून मारायची. त्यात त्याचा उजवा खांदा कामातून गेला. जुना चावीवाला निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा सुपडाभाऊला मिळाली, म्हणून तो नोकरीत टिकला. पुन्हा गँगमध्ये जाणं त्याच्या खांद्याला झेपणारं नव्हतं, हे तो जाणून होता, गँग जाणून होती आणि मीही जाणून होतो.

या माणसानं मला जेवढा वैताग दिला तेवढा कोणी दिला नाही. त्याचा अहवाल कसा असायचा पाहा.

"साहेब, बोरीपाशचा जोड आज नाराज आहे."

"नाराज म्हणजे काय, सुपडाभाऊ? किती बसलाय ते सांगा."

"थे तुमी मोजा जी. मी तं सांगून राह्यलो, नाराज आहे."

मी रुळावरची ढकलगाडी, म्हणजे ट्रॉली, घेऊन, ऊन खात, तीन मैल जायचो. पट्टी लावली की जोड खरंच खचलेला निघायचा. मग मला आणखी राग यायचा, कारण माझ्या वहीत 'नाराज' लिहायला रकाना नव्हता.

अशात वरच्या कचेरीतून एक नवे साहेब आले. बाहेरदेशी शिकून आलेले, पुण्याकडचे, अतिशय हुशार आणि अतिशय घाईत. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. ट्रॉलीला एका अंगानं लाकडी पेटी बसवायची, पेटीत कॅमेरा, कॅमेऱ्याचं तोंड रुळाच्या पोटाकडे, म्हणजे उभ्या बाजूकडे. प्रत्येक जोडाशी ट्रॉली थांबवून एक फोटो. जाताना डावा रूळ, येताना उजवा. फोटो धुऊन कचेरीत न्यायचे, तिथे एक ड्राफ्ट्समन टेबलाशी बसून भिंगातून एकेक तपासणार. दर पंधरा दिवसांनी हे केलं की रोज चालत जाणाऱ्या माणसाची गरज निम्म्यानं कमी. दोन चावीवाल्यांचं काम एक जण करील, दुसरा गँगमध्ये परत.

"माणसाची नजर दमते," साहेब मला म्हणाले. "कॅमेरा दमत नाही. आणि तो खोटं बोलत नाही."

ट्रॉलीवाल्यांनी त्यांचं नाव त्याच दिवशी फोटोसाहेब ठेवलं. चाचणीसाठी त्यांनी एक मैल निवडला, स्टेशनजवळचा म्हणून सुपडाभाऊच्या हद्दीतला. चाचणी जमली तर पहिला गँगमध्ये जाणार तो सुपडाभाऊ, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आता माझी चूक. ती नीट सांगतो, कारण पुढे मी ती सांगायला फार वेळ लावला. चाचणीच्या तीन दिवस आधी मी गँगला आणि सुपडाभाऊला स्टेशनच्या टोकाला उभं केलं. गँगनं त्याच आठवड्यात तिथल्या फिशप्लेटा उघडून, पुसून, काळं तेल भरून परत बसवल्या होत्या, ते हिवाळ्यातलं नेहमीचं काम. मी म्हणालो, "तीन दिवसांनी रुळाचे फोटो निघणार आहेत. एकेक जोड स्वच्छ, उठून दिसला पाहिजे. साहेबांनी नाव ठेवता कामा नये." बस, एवढंच. म्हणायचं होतं ते हे की चिखल, गवत, तेलाचे ओघळ पुसून ठेवा.

पण रेल्वेत 'साहेब येणार, स्वच्छ दिसलं पाहिजे' याचा एकच अर्थ होतो. चुना आणि गेरू. मोठे साहेब वर्षातून एकदा पाहणीला येत तेव्हा आम्ही मैलाचे दगड रंगवायचो, खांब रंगवायचो, फलाटाची कड रंगवायचो, निंबाचे बुंधे रंगवायचो. एका स्टेशनमास्तरनं कोळशाच्या ढिगाला चुन्याचा पट्टा मारलेला मी स्वतः पाहिला आहे. ही रीत मला माहीत होती. मीही ती पाळत आलो होतो.

चाचणीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. साहेब पुढच्या बाकावर, शेजारी मी, पेटीशी फोटोग्राफर, मागून ढकलायला दोघं. होम सिग्नल गेला, वळण गेलं आणि ट्रॉलीवाले ढकलायचे थांबले.

"का बे, थांबले काऊन?" मी ओरडलो.

एकानं नुसतं बोट पुढे केलं. समोर रूळ पांढरा होता. रुळाचं पोट, फिशप्लेटा, बोल्ट, चाव्या सगळं पांढरं. एकूण एक जोड, डावीकडचा आणि उजवीकडचा, दिवाळीच्या आधी कुडाच्या भिंती दिसतात तसा पांढराफेक. एका मैलात सव्वाशे जोड, दोन्ही बाजूंचे मिळून अडीचशे. आणि मैलाच्या अलीकडच्या टोकाला सुपडाभाऊ धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पागोटं बांधून, हातोडा छातीशी धरून उभा होता. शेजारी कासाबाई, तिच्या हातात रिकामी बादली.

साहेब ट्रॉलीवरून उतरले. जोडाला बोट लावलं, बोट पाहिलं.

"हा काय पांढरा कारभार आहे?"

"चुना हाय जी," सुपडाभाऊ आनंदानं म्हणाला. "घरचा हाय. आमच्या मंडळीनं डिंक घातला त्याच्यात, निंगत नाई आता."

"कुणी सांगितलं होतं?"

सुपडाभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी पेटीचा स्क्रू पाहत होतो.

"फोटो काढाले येऊन राह्यले म्हनून सांगतलं ना," तो म्हणाला. "मंग फोटो काढाचा तं मानूस आंगावरचे कपडे नाई बदलत का? रुळाचा तं जलमात पह्यला फोटो."

साहेबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांचा कॅमेरा काळ्या लोखंडाचा उजेड धरून बसवलेला, समोर चुना. पण फोटोग्राफर एका दिवसापुरता आणलेला होता आणि साहेब हट्टी होते. "काढा," ते म्हणाले. आम्ही एकेका पांढऱ्या जोडाशी थांबत अडीचशे फोटो काढले. दुपारी ट्रॉली स्टेशनात परत आणली तोवर ट्रॉलीवाले हसू दाबून दाबून थकले होते आणि साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले होते.

फोटो धुऊन आले. बहुतेक पांढरे. साहेबांचं म्हणणं असं पडलं की हा अडाणीपणा नाही, डाव आहे. आपली जागा जाणार हे चावीवाल्याला कळलं होतं, म्हणून त्यानं चाचणी बिघडवली, आणि शिवाय रुळाचे दोष झाकले. सुपडाभाऊवर आरोपपत्र आलं. चौकशी होईपर्यंत त्याला चावीवाल्याच्या कामावरून काढून गँगमध्ये घातलं आणि त्याच्या जागी एक बदली माणूस दिला.

मलाही प्रश्नांचा कागद आला. चौथा प्रश्न होता, 'चुना लावण्याचा हुकूम आपण दिला होता काय?'

मी लिहिलं, 'नाही.'

अक्षराला अक्षर लावलं तर ते खरं होतं. चुना हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. पण मी काय म्हणालो होतो आणि त्याचा अर्थ या माणसांच्या कानात काय होतो, हे मला नीट ठाऊक होतं. कागदावर खाली चांगली चार बोटं जागा मोकळी होती. ती मी मोकळी ठेवली. नोकरी कायम व्हायची होती, घरी लग्नाची बोलणी चालू होती, साहेबांचा चांगला शेरा हवा होता. साठ वर्षं झाली, त्या मोकळ्या जागेची मला अजून लाज वाटते.

महिना-सव्वा महिन्यानं कचेरीकडून एक जाडं पाकीट आलं. आरोपीला पुराव्याचे फोटो दाखवावेत आणि पाहिल्याबद्दल त्याचा अंगठा घ्यावा, असा हुकूम. मी सुपडाभाऊला बोलावून घेतलं. तो माझ्या कचेरीच्या व्हरांड्यात मांडी घालून बसला, धोतराला हात पुसले आणि पाकिटातला पहिला फोटो उन्हाकडे धरून पाहायला लागला. मग दुसरा. मग तिसरा.

"सुपडाभाऊ, अंगठा द्या आणि मोकळे व्हा. सगळे एकसारखे आहेत."

"एकसारके कसे? हा नाल्यापाशचा. हा बोरीपाशचा, पाहा ना, याचा एक बोल्ट तिरपा हाय. हा टिनपत्र्याच्या चौकीपाशचा."

अडीचशे पांढरे फोटो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. माझी ट्रॉली खोळंबली होती, मुकादम दोनदा डोकावून गेला. मी येरझाऱ्या घालत होतो. हा माणूस एकेक फोटो असा पाहत होता जसे लेकीच्या सासरहून आलेले फोटो असावेत.

मग तो थांबला.

"साहेब, इथं चुना काऊन फाटला?"

मी वाकून पाहिलं. फिशप्लेटच्या कडेपासून रुळाच्या पोटावर एक बारीक काळी रेघ गेली होती, करंगळीच्या पेराएवढी. फोटोच्या पाठीवर ड्राफ्ट्समनच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'फिल्मवर ओरखडा.'

"ओरखडा आहे. फिल्म धुताना पडतो."

"मंग बाजूच्या फोटोत काऊन नाई? अन् एवढ्या जागीच काऊन? आमच्या मंडळीनं चुना लावला तवा मी मागून पाहत गेलो होतो. कुठीसा नव्हता फाटेल."

"लावताना केस राहिला असेल ब्रशचा."

"बरश कुठचा, लुगड्याच्या बोंदरानं लावला," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. "चाला साहेब. पाह्यल्यावर अंगठा देतो."

तो उठला तेव्हा माझ्या डोक्यात डिप्लोमाच्या वर्गातली एक गोष्ट लख्ख आली. कारखान्यात जुने फिटर चाकाच्या आखाला बारीक तडा आहे का ते कसं पाहत? आख तेलानं भिजवायचा, पुसायचा आणि वरून चुना द्यायचा. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल चुन्यातून वर येतं आणि काळी रेघ उमटते. आमच्या गँगनं फिशप्लेटांत तेल भरलं होतं. वरून सुपडाभाऊनं डिंकाचा चुना दिला होता. मी परीक्षेत या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले होते आणि सव्वा महिना ते मला आठवलं नव्हतं.

आम्ही ट्रॉली घातली. ट्रॉलीवाल्यांना मी इतकं पळवलं की एकाची चप्पल वाटेत राहिली. त्या जोडाशी पोचलो. चुना बहुतेक झडला होता, लोखंड परत काळंतांबूस झालं होतं आणि नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. सुपडाभाऊ गुडघ्यावर बसला, खिशातला चुन्याचा खडू काढून रुळाच्या पोटावर फिरवला, वर हातोड्याचे दोन ठोके दिले. रेघ वर आली. ती आता करंगळीच्या पेराएवढी नव्हती. माझी वीत टेकवली, तिच्याहून लांब होती.

"मी रोज पाहाचो साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मले नाई दिसलं."

मग जे करायचं ते केलं. लाल झेंडी घेऊन तो एका बाजूला धावला, दुसरीकडे एक ट्रॉलीवाला. जलंबहून सुटलेली मालगाडी झेंडीपाशी थांबली. ड्रायव्हर खाली उतरून, रेघ पाहून इंजिनात परत जाऊन बसला. दुपारभर गाड्या थांबवून आम्ही रूळ बदलला. जुन्या तुकड्याच्या फिशप्लेटा काढल्यावर दिसलं की तडा बोल्टच्या भोकापासून निघाला होता. गेल्या सव्वा महिन्यात त्याच्यावरून मेल, पॅसेंजर, मालगाड्या, सगळं गेलं होतं. मी हिशेब करायचं टाळलं.

आता इथे सगळं सुरळीत व्हायला हवं, नाही का? सरकारी खात्यात नोकरी न केलेल्या माणसाला असंच वाटेल.

झालं असं की त्या फोटोच्या दोन प्रती निघाल्या. एक प्रत फोटोसाहेबांच्या फाइलीला लागली. तिथे लिहिलं गेलं की प्रस्तुत कॅमेऱ्यानं डोळ्यांना न दिसणारा तडा टिपला, सबब प्रयोग यशस्वी. दुसरी प्रत सुपडाभाऊच्या चौकशीच्या फाइलीला आधीपासून होतीच. तिथे लिहिलं होतं की आरोपीनं चुना लावल्यामुळे कॅमेऱ्याला काहीही दिसू शकलं नाही. एकच फोटो, दोन फाइली, दोन टेबलं, मध्ये एक भिंत. मी दोन्ही टेबलांवर जाऊन हात जोडले. पहिल्या टेबलावरचे म्हणाले, चुन्याचा विषय आमच्याकडे नाही. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, तड्याचा विषय आमच्याकडे नाही.

शेवटी साहेबांकडे गेलो. ते दुष्ट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तेलाची आणि चुन्याची गोष्ट त्यांना लगेच पटली, उलट ते थोडे ओशाळले.

"पण आरोप चुना लावल्याचा नाही," ते म्हणाले. "हुकूम नसताना, हेतूनं लावल्याचा आहे. हेतू नव्हता हे कशावरून? तुम्ही लेखी द्या की तुम्ही त्याला काही सांगितलं होतं. मी आजच फाइल बंद करतो. पण तुम्ही काय देणार? तुम्ही तर 'नाही' लिहून बसला आहात."

मी कचेरीच्या बाहेर पडलो तेव्हा मला काय करायचं ते स्वच्छ कळलं होतं. तरी केलं नाही. आधी म्हटलं, लग्न होऊ दे. लग्न झालं. मग म्हटलं, नोकरी कायम झाल्याचा कागद हातात पडू दे. तो काही येईना. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या लिहू. असे चार महिने गेले. दरम्यान कॅमेऱ्याची पेटी माझ्या स्टोअरमध्ये येऊन पडली, कारण साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना फोटोंत रस नव्हता. म्हणजे ज्या यंत्रासाठी सुपडाभाऊची जागा जाणार होती ते यंत्र गेलं, आणि जागा तरीही गेलेलीच राहिली.

सुपडाभाऊनं मला या चार महिन्यांत एकदाही विचारलं नाही. ट्रॉली गँगजवळून गेली की तो कुदळ टेकून रामराम घालायचा. मी घड्याळ पाहायचो.

जेठाचा महिना होता. मी गँगचं काम तपासायला गेलो तर आठ माणसं ओळीत गिट्टी ठोकत होती आणि सुपडाभाऊही ओळीत उभा होता, पण त्याची कुदळ कमरेच्या वर जात नव्हती. मी मुकादमाला बाजूला घेतलं. तुकाराम मुकादम, तोंडाचा फटकळ माणूस.

"याचं काम भरतंय का?"

"भरते ना जी."

"कसं? हात तर वर जात नाही त्याचा."

"त्याच्या वाट्याचे स्लीपर आमी वाटून घेतो आपसात," मुकादम म्हणाला. "आठ मानसं हाव, एकेक जास्तीचा येते. तुमच्या वहीत त्याचं नाव पुरं भरते ना? मंग?" आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आमाले लिहाले येत नाई साहेब. आमाले जे येते थे करून राह्यलो."

मी ट्रॉलीवर बसलो आणि ती माघारी फिरवायला लावली. स्वतःचाच इतका संताप आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. कचेरीत शिरलो, कागद घेतला आणि उभ्यानंच लिहिलं. लिहायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुढचं थोडक्यात. फोटोसाहेबांची बदली झाली होती तरी त्यांनी जाण्यापूर्वी फाइलीवर एक टीप लिहून ठेवली होती, ती उपयोगी पडली. सुपडाभाऊवरचा आरोप काढून घेतला आणि त्याला चावीवाल्याच्या कामावर परत घातलं. मला खुलासा विचारला, खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात शेरा आला आणि नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. शेरा बरोबर होता. मी त्याच्याविरुद्ध कधी अर्ज केला नाही.

हुकूम आला त्या दिवशी सुपडाभाऊला बोलावून मी त्याचा हातोडा, पाना आणि झेंड्या परत दिल्या. तो पाना उलटासुलटा करून पाहत होता. मला राहवलं नाही. मी माझ्या कागदाची प्रत काढली आणि म्हटलं, "मी काय लिहिलं ते ऐका." आणि वाचलं, 'रुळाचे फोटो निघणार असल्याने जोड स्वच्छ व उठून दिसले पाहिजेत अशी सूचना मीच दिली होती. त्या सूचनेप्रमाणे त्याने चुना लावला.'

तो पुढचं ऐकायला थांबला. पुढे काही नव्हतं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"एवढंच लिहाचं होतं?"

"हो, सुपडाभाऊ."

त्यानं हातोडा उजव्या खांद्यावर घ्यायला उचलला. हात अर्ध्यातच अडला. मग त्यानं तो डाव्या हातात घेऊन डाव्या खांद्यावर टाकला. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि तेव्हाही त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"मले वाटलं, लय मोठं असंन कायतरी," तो म्हणाला. "म्हनून लिहाले वेळ लागून राह्यला साहेबाले."